पीजीवाल्याला डिपॉझिट द्यायच्या आधी हे वाचा (नागपूर, आयटी पार्क साईड)

त्रिमूर्तीनगर, गायत्रीनगर, प्रतापनगर साईडला जे पोट्टे रूम शोधून राहिले त्यांच्यासाठी लिहितोय. मी यवतमाळचा, जॉबसाठी आलो, ब्रोकरने एक पीजी दाखवला, डबल शेअरिंग, कूलर, मेस, वायफाय सगळं त्यातच, पीजीवाल्याने दोन महिन्यांचं डिपॉझिट यूपीआयवर घेतलं आणि म्हणे अ‍ॅग्रीमेंट होऊन जाईन भाऊ, टेन्शन नको घेऊ. अ‍ॅग्रीमेंट काही झालं नाही.

सामान घेऊन गेलो तर हॉलमध्ये प्लायवूड ठोकून खोल्या पाडलेल्या, डबलच्या जागी चार गाद्या. कूलर होता, पण खिडकी प्लायच्या पलीकडे गेली होती. मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जाते, आणि कूलरची हवा बाहेर निघायला दुसरीकडून वाट लागते, ती नसली की खोली थंड होत नाही, नुसती दमट होते, गादीसुद्धा ओली लागायची. चारही जणांचे चार्जर, इस्त्री, इलेक्ट्रिक केटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. संडास एक. बोललं की, जमत नसन तर दुसरीकडे पाहून घे.

मग एक काका आले, तुम्ही कोण म्हणून विचारून राहिले. फ्लॅट त्यांचा! पीजीवाल्याने फॅमिलीसाठी म्हणून घेतला होता आणि त्यांचं भाडंही थकवलं होतं. त्याचा फोन बंद. काका म्हणे आजच्या आज खाली करा.

ऑफिसमधल्या एका वकिलाच्या पोराने सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, नाही केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 5000 रुपयांपर्यंत दंड. (एका पीजीची कमाई पाहता 5000 म्हणजे चिल्लर आहे बावा.) काकांचा पण साध्या स्टँप पेपरवरच कारभार होता, हे ऐकून थोडे नरमले, महिनाअखेरपर्यंत राहू दिलं.

तर पैसे देण्याआधी लाईट बिल कोणाच्या नावाचं आहे ते पहा, तो मालक नसन तर मालकासोबतचा रजिस्टर्ड करार आणि पुढे भाड्याने द्यायची परवानगी त्यात आहे का ते मागा, आणि त्याचा स्वतःचा राहता पत्ता आधारवरून लिहून घ्या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण यूपीआयचे स्क्रीनशॉट लावून मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे आणि नोटीस त्याला पोचून नाही राहिली, आमच्याकडे त्याचा म्हणून जो पत्ता आहे तो काकांच्याच फ्लॅटचा.