लक्झेंबर्ग की कार्ल्सरुहं: बँकेला जाब कुणी विचारायचा?

युरोपियन सेंट्रल बँक, म्हणजे युरो चलन सांभाळणारी बँक, 2015 पासून सरकारी रोखे (सरकारनं घेतलेल्या कर्जाचे कागद) घेत सुटली, तिची पॉवर वाढली, मग लगाम कुणाचा? लक्झेंबर्गमधल्या युरोपियन युनियनच्या (ईयू) कोर्टानं 2018 ला म्हणलं, तज्ज्ञांचं काम आहे, उघड चूक दिसत नाही, चालू द्या. जर्मनीच्या कार्ल्सरुहंमधल्या घटना कोर्टाला ते पटलं नाही, 2020 ला त्यांनी विचारलं की या रोखे खरेदीचा बचत करणारे, भाडेकरू यांच्यावर काय परिणाम होतो त्याचा विचार कुठंय, कारणं दाखवा. मला हेच पटतं, आपल्याकडं लोक संभाजीनगर खंडपीठात जीआरविरुद्ध जातात ते कामून, सरकारनं कारण सांगावं म्हणूनच ना. पण धोका आहे बघा, प्रत्येक देशाचं कोर्ट असंच म्हणायलं तर ईयूचा कायदा सगळीकडं सारखा राहील कसा? पोलंडच्या कोर्टानं 2021 ला ईयू करारातली काही कलमंच घटनेविरुद्ध ठरवली. तरी लक्झेंबर्गनं बँकेची कारणं जास्त कडक तपासायलाच पाहिजेत.