लॉबस्टर, कॉड आणि कालवं: अमेरिकेच्या किनाऱ्यावरची तीन पुस्तकं, कोकणातल्या वाचकासाठी

अमेरिकेविषयीचं काही मागितलं की आपल्याकडच्या वाचनालयात लिंकन, केनेडी आणि दोन महायुद्धं पुढ्यात येतात. पुस्तकं चांगली असतात, पण तिथला साधा माणूस पोट कसं भरतो, कोणाच्या हद्दीत जातो, वाद झाला तर तो कसा मिटतो, हे त्यांतून कळत नाही. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या वाचकाने अमेरिकेत जेटीवरून शिरावं. इथे घेतलेली तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. एकच घेणं परवडत असेल तर पहिलं घ्या.

ते पहिलं म्हणजे जेम्स ॲचेसन यांचं 'द लॉबस्टर गँग्ज ऑफ मेन' (1988). लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीसारखाच, पण डेंगे असलेला समुद्री जीव. ॲचेसन मेन विद्यापीठातले मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं राज्य: खडकाळ किनारा, आत घुसलेल्या खाड्या, शेकडो बेटं. एका बंदरातून धंदा करणाऱ्यांचा गट ही इथली 'गँग'. कायद्याने बघितलं तर राज्याचा परवाना हातात असला की पिंजरे टाकायला मोकळीक. प्रत्यक्षात प्रत्येक बंदराचं पाणी ठरलेलं असतं. ते कुठल्या सरकारी नकाशावर नसतं, पण प्रत्येक तांडेलाच्या डोक्यात असतं. ज्याचं घराणं गावातलं, ज्याने पोरवयात थोड्या पिंजऱ्यांवर सुरुवात केली, त्याला गट सामावून घेतो. बाहेरून पैसा घेऊन आलेल्याला, किंवा नोकरी सांभाळून हौसेने पिंजरे टाकणाऱ्याला नाही.

हद्द मोडणाऱ्याचं काय करतात, हा भाग ॲचेसन यांनी फार बारकाईने लिहिला आहे. आधी इशारा: पिंजऱ्याची खूण म्हणून तरंगणाऱ्या त्याच्या बोयाच्या दांड्याला दोरीचे दोन वेढे घालून ठेवायचे. समजला तर ठीक. नाही समजला तर पिंजरा वर ओढून, दार उघडं टाकून परत सोडायचा. तरीही ऐकलं नाही तर दोरी कापायची. बोया वाहून जातो, पिंजरा तळाला, आणि तो परत मिळत नाही. हे बेकायदा आहे, पण कोणी कापलं ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे तक्रारीही फार होत नाहीत. पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद जवळून बघितलेल्यांना, रापणीची जागा, पाळी आणि वाटे ठाऊक असलेल्यांना हे प्रकरण वाचताना फार समजवावं लागणार नाही. उलट शहरी वाचकाला जिथे अडखळायला होतं तिथे आपला वाचक सरळ पुढे जाईल.

पुस्तकाचा गाभा मात्र हद्दींच्या दोन प्रकारांत आहे. मुख्य भूमीवरच्या बंदरांची हद्द बंदराच्या तोंडाशी कडक असते आणि दूर जावं तशी सैल होत दुसऱ्या गावात मिसळते. काही बेटांची हद्द शेवटच्या काठापर्यंत राखलेली असते, आणि तिथे किती बोटी, किती पिंजरे यावर बेटवाले स्वतःच बंधन घालतात. ॲचेसन यांनी दोन्हीकडचा माल मोजला. राखलेल्या पाण्यात पिंजऱ्यामागे माल जास्त, लॉबस्टर मोठे, माणसाची कमाईही जास्त. बेटांची जमीन जुन्या घराण्यांच्या मालकीची असण्याचा यात मोठा हात आहे, हेही ते सांगतात. म्हणून हा नमुना उचलून जसाच्या तसा आपल्या किनाऱ्यावर लावता येणार नाही. मॉनहेगन बेटावर तर उन्हाळाभर लॉबस्टर धरणंच बंद. आपल्या 1 जून ते 31 जुलैच्या बंदीशी ताडून बघण्यासारखं आहे, कारण त्या बेटावरची बंदी बेटवाल्यांना स्वतःलाच हवी होती.

पिंजऱ्याचं वर्णन वाचून तो बांधता येईल इतकं स्वच्छ आहे. तीन-चार फुटांची लांबट पेटी, पूर्वी लाकडी पट्ट्यांची, आता प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या तारेची. आत दोन खण. पहिल्याला ते 'किचन' म्हणतात: जाळीच्या नरसाळ्यातून लॉबस्टर आत येतो, तिथे टांगलेलं हेरिंगसारख्या मासळीचं आमिष खातो. बाहेर पडायला जातो तो दुसऱ्या नरसाळ्यातून 'पार्लर'मध्ये, आणि तिथे अडकतो. प्रत्येकाच्या बोयाचे रंग वेगळे, नोंदवलेले. तोच रंग बोटीवरही लावायचा, म्हणजे दुसऱ्याचा पिंजरा ओढणारा लांबून ओळखू येतो.

मापाचा नियम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत पितळी मापाने मोजतात. आज मेनमध्ये सव्वातीन इंचांखालचा परत पाण्यात, आणि पाच इंचांवरचाही परत पाण्यात. मोठा का सोडायचा? पौंडभर वजनाची मादी साधारण 8,000 अंडी धरते, नऊ पौंडांची 1,00,000 च्या वर. शिवाय अंडीवाली मादी मिळाली की तिच्या शेपटीच्या पंख्यात मधल्याच्या शेजारच्या पाकळीला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून सोडतात. पुढे ती अंड्यांविना सापडली तरी खाच बघून सोडावीच लागते. कात टाकल्यावर खाच हळूहळू भरत जाते, म्हणून दिसेल त्याने ती पुन्हा पाडायची. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी ठरवलेला आकार हा किमान आकार आहे. वरच्या टोकाला मर्यादा घालण्याचा विचार समजून घ्यायला हे पुस्तक उत्तम. आपल्या शेवंडीला डेंगे नसतात, तिची जात आणि वाढ वेगळी, तेव्हा आकडे नव्हे, तर्क घ्यायचा.

उणीव एकच, पण मोठी: पुस्तक जुनं झालं आहे. 1995 च्या कायद्याने मेनचा किनारा सात विभागांत वाटला गेला, पिंजऱ्यांवर कमाल संख्या आली (बहुतेक ठिकाणी 800), आणि विभागातले परवानाधारकच मत देऊन नियम सुचवू लागले. हे सगळं ॲचेसन यांच्याच 'कॅप्चरिंग द कॉमन्स' (2003) मध्ये आहे. ते रुक्ष आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावं, इतरांनी नाही घेतलं तरी चालेल. त्यानंतर मेनचा माल वाढत वाढत 2016 मध्ये 13 कोटी पौंडांवर गेला, म्हणजे साधारण 60,000 टन, आणि मग उतरला. लॉबस्टर खाणारे कॉडसारखे मासे घटले, पाणी लॉबस्टरला मानवेल इतकं कोमट झालं, माद्या राखल्या, अशी कारणं दिली जातात. दक्षिणेला न्यू यॉर्कजवळच्या पाण्यात मात्र लॉबस्टरचा धंदा बसला.

दुसरं मार्क कुर्लान्स्की यांचं 'कॉड' (1997). वाचायला तिघांत सर्वात सोपं. यातला खाऱ्या मासळीच्या व्यापाराचा भाग अमेरिकेच्या इतिहासाची एरवी झाकून ठेवलेली बाजू दाखवतो. न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचा, चांगला सुका कॉड स्पेनकडे जाई. तुटका, नीट न वाळलेला माल कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना खायला जाई. तिथून काकवी बॉस्टनला, काकवीची रम, आणि रम आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत 1784 पासून लाकडी कॉड टांगलेला आहे. हे पुस्तक वाचल्यावर त्या माशाकडे निव्वळ कौतुकाने बघता येत नाही. शेवट कॅनडाने 1992 मध्ये कॉड धरण्यावर घातलेल्या बंदीवर: ट्रॉलर आणि गोठवण्याच्या तंत्राने समुद्र रिकामा केला. दोष असा की लेखक देशादेशांत फार उड्या मारतो. पाककृती मात्र करून बघण्यासारख्या आहेत. जाड खारा कॉड दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, आपल्या खाऱ्या बांगड्याच्या हिशेबाने गेलात तर तोंडात घालवणार नाही.

तिसरं त्यांचंच 'द बिग ऑयस्टर' (2006), न्यू यॉर्क शहराचा कालवांमधून सांगितलेला इतिहास. ब्रॉड स्ट्रीटवर थॉमस डाउनिंग या कृष्णवर्णीय माणसाची कालवांची प्रतिष्ठित खानावळ होती. वर बँकवाले जेवत आणि तळघरात दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना आसरा मिळे. कालवांचा अंत कसा झाला हे तर खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचावं. कालव पाणी गाळून खातं, म्हणजे पाण्यात मैला सोडला की त्यातले टायफॉइडचे जंतू थेट ताटात. शिवाय कालवाचं पिल्लू जुन्या शिंपांवरच बसतं आणि त्याच शिंपा तिथे चुन्यासाठी, रस्त्यांसाठी उपसल्या गेल्या. शहराच्या पाण्यातलं शेवटचं कालवक्षेत्र 1927 मध्ये बंद झालं. मधली मेजवान्यांची प्रकरणं लांबली आहेत, ती चाळून पुढे जा.

खरेदीचं थोडं. ॲचेसन यांचं पुस्तक छापणारी संस्था, युनिव्हर्सिटी प्रेस ऑफ न्यू इंग्लंड, 2018 मध्ये बंद झाली, तेव्हा आधी जुन्या प्रतीचा शोध घ्या आणि पानं सुटलेली नाहीत ना ते विचारून घ्या. कुर्लान्स्की यांची दोन्ही साध्या बांधणीत घेतली तरी पुरतात. वाचताना पौंडाचे साडेचारशे ग्रॅम धरा. फॅदम आलं की वाव समजा, सहा फूट.