चिकुनगुनियानंतर ताकद परत कशी आणायची: चालणं, पाणी, योगासनं की रबरी पट्टा?

ताप चार-पाच दिवसांत उतरतो आणि घरचे म्हणतात, "झालं, सुटलीस एकदाची." पुढची कथा त्यांना ठाऊक नसते. सकाळी मूठ मिटत नाही. पलंगावरून पाय खाली टेकवले की घोट्यातून कळ जाते. बाटलीचं झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागते आणि अकरा वाजेपर्यंत अंगातलं अवसान संपलेलं असतं. आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेत चिकुनगुनिया या नावाचा अर्थच मुळी वेदनेनं वाकून जाणं असा आहे. हा आजार आपल्याला नवा नाही, १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मला तो २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झाला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पुढच्या काही महिन्यांत मी चालणं, तरणतलाव, योगवर्ग आणि ताणून व्यायाम करायचा रबरी पट्टा हे चारही मार्ग करून पाहिले. तुम्ही आत्ता त्या उंबरठ्यावर असाल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. दुखतो तो सांधा, पण दगा देतो तो स्नायू. गुडघ्याला सूज आली की तिथून जाणारे संदेश मांडीच्या स्नायूला आवरून धरतात, तो पूर्ण जोर लावत नाही. त्यात दोन-तीन आठवडे अंथरुणात गेलेले असतात. म्हणून गोळीनं दुखणं उतरलं तरी जिना तितकाच अवघड वाटतो. ठणक कमी करणं आणि ताकद वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि या चार मार्गांतला प्रत्येक मार्ग दोन्ही कामं सारखी करत नाही.

पहिले तीन आठवडे यातलं काहीच करू नका. विश्रांती घ्यायची आणि सांधे आखडू नयेत म्हणून बोटं, मनगटं, घोटे दिवसातून दोन-तीनदा हळुवार फिरवायचे, एवढंच. मी त्यानंतर सुरुवात केली.

सगळ्यांचा पहिला सल्ला असतो, "थोडं चालायला लाग." चालण्याला पैसा लागत नाही आणि मनाला मोकळं वाटतं, हे खरं आहे. पण या आजाराचा मोठा राग घोट्यांवर आणि पावलांवर असतो, आणि चालताना नेमका त्यांच्यावरच हजारो वेळा भार येतो. मी पहिल्याच दिवशी सोसायटीला सलग वीस मिनिटं फेऱ्या मारल्या आणि पुढचे दोन दिवस पडून राहिले. नंतर पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा असं सुरू केलं, ते झेपलं. घरातही फरशीवर अनवाणी न फिरता मऊ तळव्याची चप्पल घातली, त्यानं फार फरक पडला. चालण्यानं दम वाढतो, झोप सुधारते. खुर्चीतून हात न टेकता उठण्याची ताकद मात्र त्यानं येत नाही. दीड महिना रोज चालूनही मला संडासातून उठताना नळाचा आधार लागत होता.

पाण्यात हे गणित उलटं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात त्याहून बराच कमी. पोहता येण्याची गरज नाही. नुसतं पुढेमागे चालायचं, कठडा धरून पाय बाजूला न्यायचे. जितक्या वेगानं हलाल तितका पाण्याचा विरोध जास्त, म्हणजे जोर किती लावायचा ते तुमच्याच हातात राहतं. दुखण्याच्या बाबतीत चारही मार्गांत पाणी सगळ्यात दयाळू. अडचण पाण्याबाहेर आहे: रिक्षानं तिथवर जा, न वळणाऱ्या बोटांनी ओले कपडे बदला, परत या. माझी निम्मी शक्ती त्यातच जायची. डिसेंबरातल्या गार पाण्यात सांधे उलट आखडले. लहान गावात तर तलावच नसतो. आधीपासून गुडघे झिजलेले असतील, वजन जास्त असेल आणि तलाव जवळ असेल, तर पाण्यापासूनच सुरू करा. मात्र महिना-दीड महिन्यानं जमिनीवरचे व्यायाम जोडा, कारण जिना चढायचा तो पूर्ण वजन घेऊनच.

योगासनांबद्दल मला आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. गटाचा नेहमीचा वर्ग या काळात नको. सूर्यनमस्कारात शरीराचा भार काटकोनात वाकलेल्या मनगटावर येतो, आणि चिकुनगुनियात मनगट हा पहिल्या बळींपैकी एक. मी ज्या वर्गाला गेले तिथे "सवय होईल, करा" असं सांगितलं गेलं, आणि माझं उजवं मनगट तीन आठवडे मागे गेलं. वज्रासन आणि मांडी घालून बसणंही घोट्यांना सोसत नाही. याउलट पुण्यातच अय्यंगार परंपरेत खुर्ची, दोर, लोड, पट्टे यांच्या आधारानं आसनं करायची पद्धत आहे. तशी शिकवणारी जाणती व्यक्ती मिळाली, तर सकाळचा ताठरपणा आणि रात्रीची झोप या दोन्हींसाठी यासारखं काही नाही. ताकदही येते, भिंतीला पाठ लावून केलेलं उत्कटासन, म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं राहणं, मांड्या थरथरवतं. पण भार थोडाथोडा, मोजून वाढवणं आसनांत कठीण जातं.

आणि तेच रबरी पट्ट्याचं बळ आहे. पट्टा काही शे रुपयांत मिळतो, सोबत एक भक्कम खुर्ची आणि स्वयंपाकाचा ओटा पुरतो. खुर्चीतून उठबस, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, पट्टा मागे ओढणं, एवढे चार व्यायाम, एक दिवसाआड. मूठ मिटत नसेल तर पट्टा हातात धरू नका, त्याची सैल कडी करून मनगटाच्या वर अडकवा. प्रत्येकी पाच वेळांनी सुरुवात करा आणि एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात जुनाट चिकुनगुनियाच्या रुग्णांवर लवचिक पट्ट्यांच्या व्यायामाची चाचणी १२ आठवडे झाली, तीतही खुर्चीतून उठण्या-बसण्याची क्षमता सुधारली. माझं सांगायचं तर ३० सेकंदांत हात न टेकता मी सुरुवातीला ६ वेळा उठू शकत होते, तीन महिन्यांनी १३ वेळा. पट्ट्याचा दोष एकच, तो कंटाळवाणा आहे. बरोबर कुणी नसतं, मोकळी हवा नसते.

आता फिजिओथेरपीचं. घरीच करायचं की फिजिओकडे जायचं, असा प्रश्न असेल तर चार-पाच वेळा जरूर जा, पण शिकायला जा. सगळा वेळ शेक आणि विजेच्या यंत्रावर जात असेल तर ठणक कमी होईल, स्नायू वाढणार नाही. व्यायाम लिहून मागा आणि समोर करून दाखवा.

कुठलाही मार्ग घ्या, तो मानवतोय की नाही ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. मी घड्याळ लावून मोजायचे: उठल्यावर मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागली? नेहमीची चाळीस असतील आणि व्यायामानंतर सत्तर झाली, तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, ते रात्रभरात निवळायला हवं. गोळी घेऊन दुखणं झाकायचं आणि जोर लावायचा, हे करू नका. फार सुजलेल्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबायची. सांधा हलत नाही, मांडीचा स्नायू मात्र जागा राहतो.

बायकांसाठी एक मुद्दा वेगळा लिहिते, कारण तो मला फार टोचला. "घरकाम करतेस ना, तोच व्यायाम" हे खरं नाही. कणीक मळणं, कपडे पिळणं, फरशी पुसणं यात दुखऱ्याच सांध्यांवर तोच तो ताण येतो, तो कमी-जास्त करता येत नाही आणि मधे विश्रांतीचा दिवस नसतो. दिवसाची शक्ती ठरलेली असते. ती पोळ्यांवर गेली तर उठबशीला उरत नाही. व्यायामाच्या दिवशी कणीक दुसऱ्या कुणीतरी मळावी, हे मी घरात बसून, नीट समजावून ठरवून घेतलं. माझ्या बरं होण्यातला मोठा वाटा त्याचा आहे.

थकव्याची एक तऱ्हा मात्र निराळी असते. थोड्याशा श्रमानंतर लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो आणि कित्येक दिवस उठत नाही. तुमचं असं होत असेल तर वरचं "हळूहळू वाढवा" हे सूत्र तुमच्यासाठी नाही. दीर्घ थकव्याच्या अशा आजारात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून २०२१ मध्ये काढून टाकली गेली. अशा वेळी शक्तीच्या आत राहून दिवस आखायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ या तपासण्याही करून घ्या, सगळा थकवा चिकुनगुनियाचाच असतो असं नाही. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले, गरम लागत असतील तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. तिथे औषध आधी, व्यायाम नंतर.

एकच निवडायचं तर मी पट्टा आणि खुर्ची निवडेन, जोडीला पाच मिनिटांचं चालणं. घोट्यांमुळे पाय टेकवतच नसतील तर आधी पाणी. झोप आणि ताठरपणा हीच मुख्य तक्रार असेल तर आधाराची आसनं. उद्या सुरुवात करायची तर सकाळी लवकर नको, सांधे सैल झाल्यावर, अकराच्या सुमारास करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. बसण्याची जागा खोल वाटली तर वर दोन जाड उश्या ठेवा, पाच वेळा उठा-बसा, आणि परवा सकाळी मुठीला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा.