वेट फेल्टिंगसाठी रोव्हिंग घ्यावं की प्री-फेल्ट? रंगांच्या कडांवरून केलेली पारख

वेट फेल्टिंग म्हणजे मोकळी लोकर साबणपाण्यात चोळून तिचा घट्ट, कापडासारखा फेल्ट करणं. त्यात गडद निळ्या जमिनीवर (पार्श्वभूमीवर) पांढरी पाकळी घेतली असं समजा. कोरडी लोकर मांडली तेव्हा पाकळी लख्ख दिसते. साबणपाण्यात चोळून, गुंडाळून, वाळवून हातात आली की राखाडी. सगळे रंगाला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा रंग सुटलेलाच नसतो. निळे तंतू पांढऱ्यातून वर आलेले असतात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, त्यामुळे ओला तंतू हलवाहलवीत मुळाच्या दिशेनेच सरकतो, थर ओलांडतो आणि अडकून बसतो. फेल्ट तयार होतो तो या सरकण्यामुळेच, आणि नक्षी गढूळ होते तीही त्यानेच. साहित्य घेताना म्हणूनच तंतू किती मोकळे आहेत हे आधी पाहावं.

रंगवलेलं मेरिनो रोव्हिंग (मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा विंचरलेला, न कातलेला लांब पेळू) सगळ्यात सहज मिळतं आणि छटा एकमेकींत मिसळायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. आकाश, पाणी, डोंगरांच्या रांगा यांसाठी तेच घ्यावं. पण नेमक्या कडेसाठी ते त्रासदायक. तंतू लांब आणि पूर्ण मोकळे असल्याने ठिपका ठेवला की त्याला शेपटी फुटते. बारीक तपशील हवाच असेल तर रोव्हिंग कात्रीने १–२ सेंमी कापून, चिमटीने दाबून ठेवावं. मायक्रॉनचा आकडा, म्हणजे तंतूची जाडी, हीही बघावी: नक्षीची लोकर जमिनीच्या लोकरीइतकी किंवा तिच्याहून बारीक असावी. जमीन १९ मायक्रॉनची आणि फूल २३ चं असेल, तर जमिनीचा रंग फुलातून लवकर डोकावतो.

धारदार कडेसाठी प्री-फेल्टला तोड नाही. हा अर्धवट जमलेला फेल्ट: तंतू एकमेकांत गुंतलेले, पण अजून दुसऱ्या थराला धरण्याइतके मोकळे. कात्रीने पान कापलं की पानच राहतं. मध्य आशियातल्या किर्गिझ लोकांच्या फेल्टच्या गालिच्यांत हाच फरक दिसतो. आला-कियिझमध्ये रंगीत लोकर ओल्या फेल्टातच दाबून बसवतात, म्हणून कडा मऊ येतात. शिरदाकमध्ये तयार फेल्ट कापून शिवतात, म्हणून रेघ सुरीसारखी. (दोन्ही कला २०१२ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपण्याच्या यादीत आल्या.) प्री-फेल्ट या दोहोंच्या मधला.

विकतचा तुकडा घेताना कड चिमटीत धरून ओढावी. थोडे तंतू सहज निघाले तर माल चांगला. काहीच निघत नसेल तर तो जास्त जमलेला आहे. असा तुकडा जमिनीला चिकटत नाही, वाळल्यावर कडा उचलतो. हाती तोच असेल तर मागची बाजू तारेच्या ब्रशने खरवडून, खाली त्याच रंगाच्या मोकळ्या लोकरीचा विरळ पापुद्रा अंथरावा. स्टेशनरीच्या दुकानातले फेल्टचे रंगीत चौकोन यासाठी निरुपयोगी, ते बहुधा पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे असतात. विणायची ‘लोकर’ म्हणून आपल्याकडे मिळणारा गुंडाही बऱ्याचदा ॲक्रिलिकच. धागा जाळून बघावा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, ॲक्रिलिकचा कडक मणी होतो. ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर खरी असली तरी तिचे खवले निकामी केलेले असतात, तिचा फेल्ट जमत नाही.

घरी प्री-फेल्ट करणं मात्र अवघड नाही, आणि छटा आपल्या हातात राहते. तीन विरळ थर आडवे-उभे-आडवे, वर मच्छरदाणीची जाळी, कोमट साबणपाणी, आणि वरची साय धरेपर्यंत हलका हात. वरच्या बाजूने चिमटीत सुटे तंतू येईनासे झाले, पण कडेला थर अजून अलग करता येतात, तिथे थांबायचं. साबण धुऊन, वाळवून मगच कापावं. ओला तुकडा कात्रीखाली ताणतो.

गडदावर पांढरं हे सगळ्यात कठीण. पांढऱ्या तुकड्याची जाडी दुप्पट ठेवावी, आणि शक्य असेल तर त्याच्याखाली गडद थरात खिडकी सोडून पांढरीच लोकर भरावी. मांडणी फिक्याकडून गडदाकडे. काळ्या लोकरीला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय पिवळ्याला लावू नये. दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीला उत्तम, पण फिक्या नक्षीखाली घालू नये: तिचे जाड केस काट्यासारखे वर येतात.

पहिली दहा मिनिटं फक्त दाबायचं, चोळायचं नाही. पाणी ३५–४० अंशांचं पुरे. दर दोन-तीन मिनिटांनी जाळी उचलावी, नाहीतर तंतू तिच्यातूनच वर येतात. मग कडेकडून आत, बारीक वर्तुळात हात फिरवावा. गरम पाणी आणि आपटणं अगदी शेवटी.

खरोखरच रंग सुटणारी लोकरही असते. लाल, फिरोजी आणि काळ्याची चाचणी आधी घ्यावी. चिमूटभर लोकर कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं ठेवून पांढऱ्या सुती कापडात पिळावी. साबण अल्कधर्मी, त्यात आम्लरंग (लोकरीवर आम्लाच्या मदतीने बसवलेले रंग) सैल होतात. शेवटच्या खळबळण्याच्या लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालण्याचं कारण हेच. पण कच्चा रंग त्याने पक्का होत नाही, ती लोकर एकरंगी कामाला ठेवावी.

३० सेंमीच्या चौकोनी भिंतीवरच्या तुकड्यासाठी मांडणी ४५ सेंमीची करावी लागते. त्याला जमिनीसाठी सुमारे ५० ग्रॅम रोव्हिंग आणि नक्षीच्या प्रत्येक रंगाचा २०×३० सेंमीचा एक प्री-फेल्ट पुरतो. नक्षीही तितकीच आकसते, म्हणून १० सेंमीचं पान हवं तर १५ सेंमीचं कापावं.