एटीआरवरून एअरबसवर नेणारा क्लास: साडेतीन स्टार, त्यातले तीन लॉगबुकचे

क्लासचं नाव टाकत नाही. खाली तक्रारी निघणार आहेत आणि सर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला असतात. मलाही तिथंच फिरायचं असतं.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. सर निवृत्त कमांडर. छोट्या एअरलाइनमध्ये उडणाऱ्या को-पायलटना मोठ्या एअरलाइनच्या भरतीसाठी तयार करतात. तीन शनिवार-रविवार, फी 36 हजार. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘90 दिवसांत एटीआर ते एअरबस’. त्या 90 दिवसांकडं नंतर येतो. (मी मुलगी आहे. कोल्हापूरच्या पोरी ‘येतो-जातो’च म्हणतात, पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

मी अडीच वर्षं एटीआर 72 ह्या छोट्या पंख्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. बेस हैदराबाद. लॉगबुकात 1640 तास. एटीपीएलला, म्हणजे कमांडर व्हायला लागणाऱ्या लायसन्सला 1500 लागतात, वय 21 लागतं, दोन्ही झालंय, म्हणजे आता फक्त इंटरव्ह्यूची घोकंपट्टी करायची, अशा थाटात मी गेलो होतो. बॅचला आम्ही पाच जण. दोघं सांगलीचे, एक बेळगावचा, एक इचलकरंजीचा आणि मी.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. सगळ्यांची लॉगबुकं मागून घेतली आणि लाल पेन्सिल काढली. एकेकाला शेजारी बसवून पान न् पान. माझं लॉगबुक पावणेदोन तास चाललं. सव्वा वर्षापूर्वीच्या एका पानावरची बेरीज पुढच्या पानावर नेताना मी 10 तास जादा नेले होते. ती चूक तिथून पुढं प्रत्येक पानावर मुक्कामाला. म्हणजे 1640 नव्हे, 1630. हे एअरलाइनच्या पॅनलसमोर निघालं असतं तर? तिथं बेरजेची चूक कुणी म्हणत नाही, तास वाढवले म्हणतात.

मग सरांनी रात्रीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. “पोरी, रात्रीचे एवढेच?”

एवढेच. 71. एटीपीएलला रात्रीचे 100 तास लागतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. स्वतःच्या वहीला लावून बघितलं नव्हतं. कारण साधं आहे. सरकारच्या ‘उडान’ योजनेतले आमचे बरेचसे सेक्टर, म्हणजे फेऱ्या, लहान विमानतळांच्या आणि त्यातल्या कैक ठिकाणी रात्री उतरायची सोयच नाही. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळालाही अगदी परवापरवापर्यंत नव्हती. सकाळी उठून चार सेक्टर मारायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी. आई खूश, रोस्टर खूश, रात्रीचा रकाना उपाशी. एअरबस ए320 वरच्या पोरांना हा प्रश्न पडत नाही, त्यांची निम्मी नोकरी अंधारातच असते. छोट्या विमानावरून मोठ्यावर जाताना माणूस नेमका कुठं अडतो, हे इतक्या थेट मला कुणी दाखवलं नव्हतं. माझ्या कंपनीतल्या सीनियर्सनीही नाही.

त्यातही सरांनी आठ तास शोधून दिले. लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या प्रमाणवेळेत लिहायची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. संध्याकाळी निघालेलं विमान अंधारात उतरलेलं, आणि मी यूटीसीची दुपार बघून अख्खा सेक्टर दिवसात टाकलेला. अशा नोंदी ऑपरेशन्सच्या रेकॉर्डशी ताडून रीतसर दुरुस्त करून घ्यायच्या, विमान वाहतुकीची नियामक डीजीसीए, तिच्या ई-जीसीए पोर्टलवर तेच जुळलं पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं. 71 चे 79 झाले. छत्तीस हजार माझ्यापुरते इथंच वसूल.

दुसरी जमेची बाजू मेटची, म्हणजे हवामानाच्या विषयाची. ढगांचे प्रकार सगळेच शिकवतात. सरांनी गगनबावड्यापासून सुरुवात केली. समुद्रावरचा वारा घाट चढताना वर का उचलला जातो, पाऊस तिथं धो धो आणि कोल्हापुरात आल्यावर त्या मानानं थोडाच का उरतो, मेमधला वळीव दुपारनंतरच का गाठतो. माझ्या विंडस्क्रीनवर दोन पावसाळे हे सगळं आपटलेलं आहे, पण पेपरातल्या प्रश्नाशी त्याची गाठ पहिल्यांदा पडली. पासिंग 70 टक्क्यांना आहे, हौस म्हणून देण्यासारखा पेपर नाही.

आता तक्रारी.

दुसरा शनिवार अख्खा पाण्यात गेला. पडद्यावर अमेरिकेच्या स्लाइड. 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली, त्यानंतर कायदा बदलला आणि 2013 पासून तिथं को-पायलटलाही साधारणपणे 1500 तास लागायला लागले, विशिष्ट पदवी किंवा लष्करी अनुभव असला तर थोडी सूट. मग रीजनल, म्हणजे छोट्या एअरलाइनमधून मोठ्या एअरलाइनमध्ये ठरलेल्या रांगेनं सरकायची सोय, ज्याला ते ‘फ्लो’ म्हणतात. ऐकायला बरं वाटलं. पण आपल्याकडं 200 तासांच्या सीपीएलवर (कमर्शियल पायलट लायसन्स) टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षण केलं की उजव्या, को-पायलटच्या सीटवर बसता येतं, कुणी थेट ए320 च्याही. अशी रांग आपल्याकडं नाहीच. इथं अर्ज, परीक्षा, सिम्युलेटर, इंटरव्ह्यू, आणि आत गेल्यावर सीनियॉरिटी पहिल्यापासून. काल ज्यानं सीपीएल घेतलं तो महिनाभर आधी जॉइन झाला असेल तर तुमच्या वर. बेळगावच्यानं विचारलंच, “सर, ह्यातलं आमच्या उपयोगाचं काय?” सर म्हणाले, “जनरल नॉलेज.” त्यानंतर चहा आला. काकूंचा चहा मात्र फक्कड, आणि दुसऱ्या रविवारी कटवडा आला तेव्हा पोरांनी अमेरिकेला माफ केलं.

सिम्युलेटर. पत्रकात ‘एअरबस अनुभव’ म्हणून फोटो आहे. प्रत्यक्षात आतल्या खोलीत टीव्ही, टेबलाला आवळलेली साइडस्टिक, आणि एक खुर्ची जिची उंची बदलत नाही. उशी घरून न्या. माझ्या वाट्याला 40 मिनिटं, त्यात एकदा लाइट गेली. तरी एक गोष्ट हाताला कळली. एटीआरला ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा नाही, आमचा हात सतत पॉवर लिव्हरवर. एअरबसवर ऑटोथ्रस्ट काम करतं आणि लिव्हर जागचा हलत नाही. मी सवयीनं दोनदा तो मागं ओढला आणि सर दोनदा हसले. पायही माझे रडरवर उगाच नाचत होते. एवढं कळायला 40 मिनिटं ठीक, पण ह्याला सिम म्हणू नये.

आणि ते 90 दिवस. 2017 मध्ये डीजीसीएनं नोटीस पिरियड ठरवला, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कमांडरला एक वर्ष. बाँड असेल तर तो वेगळा. मग 90 दिवसांत कोण सोडणार? विचारल्यावर सर म्हणाले, पत्रक भाच्यानं छापलंय.

शेवटच्या दिवशी मात्र सरांनी दार लावून घेतलं आणि खरं बोलले. त्यांचं मत, जेटच्या मोहानं पळू नका, एटीआरवर कमांड घ्या, डाव्या, कमांडरच्या सीटचे तास कुठंही चालतात. सांगलीच्या एकानं माना डोलावल्या. मला पटलं नाही. कमांड घेतली की सुटायला वर्ष, आणि तोवर पलीकडं माझ्या पुढं आणखी किती बॅच जॉइन होतील. सर म्हणाले, “तुझं खरंय, माझंही खरंय.” ह्यावर अर्धा तास वाद झाला आणि तो अर्धा तास अमेरिकेच्या अख्ख्या शनिवारपेक्षा कामाचा होता.

1500 च्या आसपास असाल तर जा. पण पहिल्या शनिवारीच लॉगबुक पुढं करा आणि नंबर लावा, कारण शेवटच्या दोघांच्या वह्या घाईत उरकल्या. नुकतं सीपीएल झालेल्यांनी ह्यात पैसे घालू नयेत.

मी रोस्टरवाल्यांकडं उशिराचे सेक्टर मागून घेतलेत. दोघीतिघींना वाटलं, डोकं फिरलं हिचं. सध्या रात्रीचे 94. पुढच्या आठवड्यात हैदराबादला रात्री साडेदहाच्या परतीचे दोन सेक्टर लागलेत.