कन्सोलवर मेसेजचा भडिमार: डीमेसग, सिसकंट्रोल की बूट पॅरामीटर?

लिनक्स सर्व्हरच्या कन्सोलवर, म्हणजे मशीनला थेट जोडलेल्या स्क्रीनवर, कमांड टाइप करायला घ्यावी आणि मधूनच फायरवॉलच्या नोंदींनी स्क्रीन भरून जावी, हा त्रास बहुतेक ॲडमिनच्या वाट्याला येतो. उपाय निवडण्याआधी एक बघा: तेच मेसेज एसएसएचमध्येही (नेटवर्कवरून केलेल्या लॉगिनमध्ये) दिसतात का? दिसत असतील तर ते कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) थेट कन्सोलवर छापलेले नाहीत. आरसिसलॉग किंवा जर्नलडी हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम ते लॉगिन केलेल्या सगळ्यांना पाठवतंय, आणि खालच्या तिन्ही उपायांचा तिथे काही उपयोग नाही. त्यांच्याच कॉन्फिगमध्ये हात घालावा लागेल.

मेसेज कर्नलचेच असतील तर आकड्यांचा हिशेब असा. मेसेजच्या पातळ्या 0 ते 7, आकडा जितका लहान तितका प्रसंग गंभीर. कन्सोलची मर्यादा 4 ठेवली की 0 ते 3 छापले जातात, 4 नाही. आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलच्या लॉग नोंदी डिफॉल्ट 4 वरच येतात, त्यामुळे मर्यादा 4 केली की त्या गप्प.

'डीमेसग -एन 4' ही कमांड मर्यादा 4 करते; ते लगेच लागू होतं आणि रीबूटनंतर पुसलं जातं. आत्ता काम अडलंय, तर हेच वापरा.

सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग बदलायच्या सोयीत, 'प्रिंटके' या सेटिंगला चार आकडे असतात, त्यातला पहिला कन्सोलची मर्यादा. तो सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहिला की कायमचा. मात्र ही फाइल बूट बरंच पुढे गेल्यावर वाचली जाते, सुरुवातीचे मेसेज दिसतातच. सर्व्हरवर ते दिसलेले बरे.

बूट पॅरामीटर, म्हणजे सुरू होतानाच कर्नलला दिलेली 'लॉगलेव्हल=4' किंवा 'क्वाएट' ही सूचना, अगदी पहिल्या ओळीपासून लागू होते. लॅपटॉपवर छान. पण इथे एक खोच आहे. उबुंटूमध्ये 'प्रिंटके'ची मर्यादा 4 करणारी फाइल आधीपासून असते. म्हणजे डिबगिंगसाठी तुम्ही ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) 'लॉगलेव्हल=7' दिलंत तरी ती फाइल वाचली गेली की मेसेज आटतात, आणि बूट तिथेच अडकलं असा समज होतो. अशा वेळी 'इग्नोर-लॉगलेव्हल' हा बूट पॅरामीटर द्या, तो मर्यादाच बाजूला ठेवतो.

माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हरवर सिसकंट्रोलने 4, त्याखाली जाऊ नका. मर्यादा 1 केली की डिस्कच्या चुका स्क्रीनवरून गायब होतात. त्या कर्नलच्या बफरमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) राहतात हे खरं; पण डिस्कच मरत असेल तर जर्नलडी लॉग लिहिणार कुठे? मशीन लटकलं की बफरही हाती लागत नाही. पॅनिक झाल्यावर (कर्नल सावरू न शकता थांबल्यावर) कर्नल मर्यादा आपोआप वाढवतं, त्यामुळे पॅनिकचा मजकूर दिसेल, पण त्याआधी काय बिघडलं ते कळणार नाही.

सिरियल कन्सोल (सिरियल केबलवरून जोडलेला) असेल तर भडिमार नुसता डोळ्यांना त्रास देत नाही. 9600 बॉड या वेगावर सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं जातात, आणि कर्नल त्यासाठी खोळंबून मशीन मंदावू शकतं. तिथे वेग 115200 करा आणि फायरवॉलच्या लॉग नियमालाच लिमिट लावा.

फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असाल तर वरचे तिन्ही उपाय लागू नाहीत. सिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये कन्सोलकडे मेसेज पाठवणारी ओळ असते, ती बदला. कर्नलचे मेसेज तात्पुरते थांबवायला 'कॉन्सकंट्रोल म्यूट ऑन' आहे. काम झालं की 'ऑफ' करायला विसरू नका.