संमतीने की लढून? मूल असताना घटस्फोटाचा मार्ग निवडताना

वेगळं व्हायचं हे पक्कं झालं की प्रश्न उरतो, संमतीने की लढून. मूल नसेल तर हिशोब वेळेचा आणि पैशांचा. मूल असेल तर माझ्या मते पाहायचं ते एवढंच, की हुकूम हातात आल्यावर मुलाचा आठवडा कसा जाणार हे कुठल्या मार्गाने नीट ठरेल. मी इथे हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून लिहितेय.

संमतीचा मार्ग म्हणजे कलम १३-ब. दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत आणि अर्ज दोघांचा एकत्र. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा कोर्टापुढे जायचं. ही सहा महिन्यांची अट माफ करता येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं. पण कोर्ट आधी पाहतं की पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर मिटलाय का. म्हणजे घाई असेल तरी मुलाचं आधी ठरवावंच लागतं. धोका एकच: शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि मग सगळं पहिल्यापासून.

लढायचं तर कलम १३. इथे ‘आता पटत नाही’ एवढं पुरत नाही. क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा परित्याग (जोडीदाराला सोडून जाणं) असं एखादं कारण सिद्ध करावं लागतं. पुरावे, साक्ष, उलटतपासणी, तारखांवर तारखा, वर्षं जातात. आणि रागाच्या भरात एकमेकांवर लिहिलेले आरोप फाईलमध्ये कायमचे राहतात. दहा वर्षांनी शाळेच्या कार्यक्रमात याच माणसाशेजारी बसायचं आहे, हे अर्ज लिहिताना आठवत नाही.

तरीही लढण्याच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. एक म्हणजे अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच तात्पुरता आदेश मागणारा अर्ज. कलम २४ खालच्या पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा असं कायदाच म्हणतो, आणि कलम २६ खाली मुलाचा ताबा, भेट, शिक्षण याबद्दल केस चालू असतानाच आदेश मागता येतो. दुसरी म्हणजे उत्पन्न. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. संमतीच्या बोलणीत समोरचा सांगेल तो पगार बहुतेक वेळा तसाच धरला जातो.

ताब्याची कसोटी दोन्हीकडे एकच, मुलाचं हित. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. हा ‘साधारणपणे’ १९५६ च्या पालकत्व कायद्यातलाच. मूल पाच वर्षांचं झालं की वडिलांकडे जातं, हा मात्र निव्वळ गैरसमज.

संमतीचे अर्ज खरे फसतात ते अटींच्या कागदावर. माझ्या मावसबहिणीच्या कागदावर एवढंच होतं, ‘वडील सोयीनुसार मुलास भेटतील’. सोय कोणाची? शनिवारी संध्याकाळी तिचा मुलगा बूट घालून, दप्तरात कपडे भरून जिन्यात बसलेला असायचा. कधी गाडी यायची, कधी साडेआठला फोन. शेवटी दोघं पुन्हा कोर्टात गेले (हुकुमानंतरही कलम २६ खाली अर्ज करता येतो) आणि लिहून आणलं: दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा. भांडण थांबलं असं नाही, पण जिन्यात बसणं थांबलं.

म्हणून वार आणि वेळ लिहा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, फी कोण भरणार आणि दरवर्षी किती वाढणार, पासपोर्टवर सही, शहर बदललं तर काय, सगळं लिहा. ‘मला एक पैसा नको, फक्त मूल द्या’ असं म्हणून अनेक आया सही करून टाकतात. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा खर्च मागायचा हक्क त्याने संपत नाही. तरी कागदावर तो आधीच असला की पुढच्या फेऱ्या वाचतात.

दोघं बोलू शकत असाल, मूल दोघांना भेटत असेल, तर संमतीनेच जा, अटींना वेळ देऊन. मारहाण होत असेल तर एकटीने बोलणीला बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मिळतं आणि कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. मूल भेटूच दिलं जात नसेल किंवा उत्पन्न लपवलं जात असेल तर आधी कलम १३ खाली अर्ज करा आणि अंतरिम आदेश घ्या. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, आणि चालू केस मध्येच संमतीच्या अर्जात बदलून घेता येते. पोटगी सुरू झालेली, भेटीचे वार ठरलेले, अशा वेळी बोलणीला बसलं तर मूल कोणाच्याच हातातलं प्यादं राहत नाही.